मेजर पूअरचे दोन महिने : एका हौशी खेळाडूचं प्रकरण

१२ जून ते १२ ऑगस्ट १८९९. एवढ्या काळात हॅम्पशायर काउंटीकडून खेळताना मेजर रॉबर्ट माँटेग्यू पूअरने १,३९९ धावा केल्या. सात शतकं, त्यातलं एक त्रिशतक, आणि सरासरी ११६.५८. संपूर्ण मोसमाचा हिशेब केला तर २१ डावांत १,५५१ धावा आणि ९१.२३ ची सरासरी. इंग्लंडच्या मोसमातला हा सरासरीचा आकडा पुढे १९३० साली डॉन ब्रॅडमनने ९८.६६ करून मागे टाकला. म्हणजे तीस वर्षं हॉब्ज, फ्राय, रणजी अशी सगळी मंडळी त्या आकड्याच्या खालीच राहिली.

हा पूअर तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. पेशाने सैनिक, घोडदळाच्या सातव्या हुसार्स रेजिमेंटमधला अधिकारी. क्रिकेट त्याने मनावर घेतलं ते सैन्यात गेल्यावर. त्याच मोसमात त्याच्या रेजिमेंटने पोलोचा आंतर-रेजिमेंट चषक जिंकला आणि त्या संघात तो होता. रॉयल नेव्हल अँड मिलिटरी टूर्नामेंटमध्ये तलवार, भाला, घोडेस्वारी अशा सगळ्या शस्त्रकौशल्यांत मिळून जो सर्वोत्तम ठरतो, तो किताबही त्यालाच मिळाला. लॉन टेनिस आणि रॅकेट्समध्येही त्याचा हात चांगला होता. हे सगळं एकाच पंधरवड्यात घडलं असं रंगवून सांगायची पद्धत आहे. मी मोसम म्हणण्यावर भागवतो. तेवढ्यानेही माणूस लहान होत नाही.

या लेखातला प्रश्न साधा आहे. हे जमलं कसं? 'देवदत्त प्रतिभा' हे उत्तर मला पुरत नाही, आणि 'साहेबलोकांची चैन' हेही पुरत नाही. प्रकरण जरा उलगडून बघावं लागतं.

आधी माणूस

जन्म २० मार्च १८६६, डब्लिनचा. उंची सहा फूट चार इंच. १८८६ च्या सुमारास तो सातव्या हुसार्समध्ये दाखल झाला आणि रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात आला. शाळेत त्याने क्रिकेटमध्ये काही दिवे लावले नव्हते. ईटन, हॅरो किंवा विंचेस्टरच्या मैदानावर घडलेली, प्रशिक्षकाने आठव्या वर्षापासून डावं कोपर वर ठेवायला शिकवलेली जी हौशी फलंदाजांची जात होती, तिच्यातला तो नव्हे. लेफ्टनंट असताना त्याने क्रिकेटची शिकवणीची पुस्तकं मिळवली, ती वाचली आणि त्याप्रमाणे सराव सुरू केला.

पुस्तक वाचून पोहायला शिकण्यासारखाच हा प्रकार, आणि म्हणूनच तो गमतीदार वाटतो. पण पूअर ज्या पेशात होता तिथे पुस्तकावरून शरीराला वळण लावणं ही रोजची गोष्ट होती. कवायतीची पुस्तिका असे. तलवारीच्या हातांना आकडे दिलेले असत; आकडा पुकारला की तो वार किंवा तो बचाव व्हायलाच हवा. घोड्यावर बसून भाल्याने जमिनीतली मेख उचलायची तर आधी पायउतार सराव, मग चालत्या घोड्यावर, मग दौडत्या. एकेक हालचाल सुटी करायची, शेकडो वेळा घोटायची आणि मग जोडायची. या माणसाने क्रिकेटही तसंच घोटलं असावं असं मला वाटतं. त्याच्या फलंदाजीचा पाया होता उंची, लांब पल्ला आणि पुढे येऊन खेळणं. चेंडू टप्पा पडून वर येण्याआधीच त्याच्यावर पोचायचं आणि समोर सणसणीत ड्राइव्ह मारायचा. सहा फूट चार इंचांच्या तलवारबाजाला हे अंगासरशी यावं यात नवल नाही.

पुण्याचं खातं

आता मराठी वाचकाच्या अंगणातला भाग, आणि माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

१८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. केंटचे आणि इंग्लंडचे माजी कर्णधार, हौशी क्रिकेटचे मोठे खांब. १८९२ ते १८९५ या वर्षांत पूअर त्यांचा एडीसी, म्हणजे खास दिमतीचा लष्करी अधिकारी होता. गव्हर्नरांचा मुक्काम हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळा लागला की पुण्याला, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून जी उंच मनोऱ्याची वास्तू आपण ओळखतो, तीच ती. पुण्याच्या या 'गव्हर्नमेंट हाउस' संघाकडून त्या तीन वर्षांत पूअरची सरासरी ऐंशीच्या घरात होती.

एडीसीचं काम म्हणजे काय? मेजवानीला कोण कुणाशेजारी बसणार याची यादी, भेटीला येणाऱ्यांचं स्वागत, गव्हर्नरसाहेबांच्या गाडीबरोबर घोडा. पदाला मान भरपूर, कामाचा बोजा माफक, आणि साहेब स्वतः क्रिकेटवेडा. फलंदाजी घोटायला याहून सोयीची नोकरी कुणाला सुचवता येणार नाही.

हॅरिस यांच्या या वेडाची किंमतही कुणीतरी मोजत होतंच. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा गव्हर्नर पुण्यातच होते, आणि मुंबई जळत असताना ते तिकडे काय करत होते यावर जोरदार टीका झाली. क्रिकेट हा त्या टीकेतला हमखास शब्द. त्याच सुमारास टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप द्यायला सुरुवात केली. एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात चाललेल्या या गोष्टी आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो, म्हणून त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की दचकायला होतं.

आता गोलंदाजांकडे वळू. फलंदाजाला सराव करायचा तर समोर कुणीतरी चेंडू टाकायला हवा, रोज, तासन् तास, आणि तोही चांगला. पुण्यातल्या युरोपियन क्लबात हे काम कुणाचं होतं ते नोंदलेलं आहे. पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण, सैन्यातल्या नोकराचा मुलगा, आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचा. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात आला, पगार चार रुपये. खेळपट्टी लोळवायची, जाळी बांधायची, आखणी करायची; आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा डाव्या हाताने फिरकी टाकायची. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला पुण्यातला नामी युरोपियन फलंदाज, तोही लष्करी अधिकारी. तो बाळूकडून जाळ्यात तासन् तास गोलंदाजी करवून घेई. बाळूला बॅट मात्र हातात मिळत नसे. हाच ग्रेग पुढे हॅम्पशायरकडून खेळला आणि १९०१ मध्ये लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ करून गेला.

पूअरला बाळूने चेंडू टाकले असं मी म्हणत नाही. तशी नोंद माझ्यासमोर नाही, आणि कल्पनेने जोडलेला धागा अशा लेखात घालू नये. म्हणणं एवढंच की पूअर ज्या वर्षांत, ज्या गावात फलंदाज म्हणून घडला, त्याच वर्षांत त्याच गावात साहेबांच्या सरावाची ही व्यवस्था चार रुपये महिन्यावर चालू होती. लँकेशायरच्या गोलंदाजांना बडवणाऱ्या हॅम्पशायरच्या फलंदाजीत पुण्याच्या जाळ्यातल्या घामाचा वाटा होता, एवढं ग्रेगच्या बाबतीत तरी ठामपणे म्हणता येतं.

सामने मात्र पुण्या-मुंबईत सोपे नव्हते. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले आणि पूअरचं प्रथम दर्जाचं क्रिकेट त्यातूनच सुरू झालं. पारशी संघ म्हणजे गंमत नव्हे. जानेवारी १८९० मध्ये त्यांनी जी. एफ. व्हर्ननच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं होतं. डिसेंबर १८९२ मध्ये लॉर्ड हॉकच्या संघालाही १०९ धावांनी लोळवलं. डॉ. मेहेलाशा पावरींसारखा गोलंदाज समोर असताना, पावसाळी ओलसर खेळपट्टीवर धावा काढणं ही खरी परीक्षा होती. इंग्लंडात जाण्याआधी पूअरने जी परीक्षा दिली ती ही.

पोलोचं सांगायचं तर मुंबईत त्याची आठवण कडू आहे. एस्प्लनेडच्या मैदानावर साहेबलोकांचे पोलोचे घोडे धावत आणि तिथेच खेळणाऱ्या हिंदी पोरांच्या खेळपट्ट्यांची टापांनी चाळण होई. शापुरजी सोराबजी आणि इतरांनी १८८१ पासून अर्जांमागून अर्ज केले, आठवड्यातले मोजके दिवस खेळणाऱ्या मूठभरांसाठी शेकडोंचं मैदान का खराब करता म्हणून. वर्षानुवर्षं हा झगडा चालला. शेवटी समुद्राच्या काठाला भराव टाकलेल्या जागेवर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना भूखंड मिळाले, ते आज मरीन ड्राइव्हवर आपण बघतो. सर्वांगीण खेळाडू म्हणून ज्याची तारीफ होते त्याच्या दोन आवडत्या खेळांनी मुंबईत एकमेकांच्या मैदानावर असा चिखल केला होता.

मधला अपयशाचा अध्याय

१८९५ मध्ये रेजिमेंट दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत गेली. त्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, लॉर्ड हॉकचा इंग्लिश संघ दौऱ्यावर आला. दौरा चालू असतानाच डच वंशाच्या बोअर लोकांच्या ट्रान्सवाल राज्यावर ब्रिटिश जेमसनने केलेली सशस्त्र स्वारी फसली. क्रिकेटपटू बंदुका उगारलेल्या प्रदेशातून आगगाडीने फिरत होते. नाताळमधल्या सराव सामन्यांत पूअरने पाहुण्यांविरुद्ध शतकं काढली, आणि तेवढ्यावर त्याची दक्षिण आफ्रिकेच्या संघात निवड झाली. तिथे तैनात असलेला इंग्लिश अधिकारी दक्षिण आफ्रिकेकडून इंग्लंडविरुद्ध खेळतो, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. फ्रँक हर्नसारखा माणूस आधी इंग्लंडकडून आणि मग दक्षिण आफ्रिकेकडून खेळला होता. त्या लढतींना कसोटीचा शिक्का नंतर बसला.

तीन कसोटी, सहा डाव, ७६ धावा, सरासरी १२.६६, सर्वोच्च २०. इंग्लंडने तिन्ही सामने जिंकले.

कारण होतं जॉर्ज लोमन. पोर्ट एलिझाबेथला त्याने पहिल्या डावात ३८ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ७ धावांत ८ बळी घेतले. दक्षिण आफ्रिका ३० धावांत आटोपली. जोहान्सबर्गला २८ धावांत ९. कसोटीतली त्याची एकूण सरासरी १०.७५, कसोटीत शंभरावर बळी घेणाऱ्या कुणालाही ती अजून गाठता आलेली नाही. चटई अंथरलेल्या (मॅटिंगच्या) खेळपट्टीवर, वेग बदलत, टप्पा बदलत टाकणाऱ्या या गोलंदाजासमोर पुस्तकी पुढचा पाय कामी आला नाही. म्हणून १८९९ च्या आकड्यांकडे बघताना हा ७६ चा आकडा शेजारी ठेवावा असं मला वाटतं. १८९९ चा उन्हाळा इंग्लंडात कोरडा होता, खेळपट्ट्या टणक आणि खऱ्या होत्या. त्याच मोसमात रणजितसिंहजींनी ३,१५९ धावा केल्या. एका मोसमात तीन हजार ओलांडणारे ते पहिलेच. जूनमध्ये क्लिफ्टनच्या शाळेत ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ केल्या, तो विक्रम २०१६ मध्ये आपल्या कल्याणमध्ये प्रणव धनावडेने नाबाद १,००९ करून मोडेपर्यंत टिकला. (कॉलिन्सही पुढे लष्करी अधिकारी झाला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला.) एकूण फलंदाजांचा सुगीचा उन्हाळा. सुगीत प्रत्येकाला पीक येत नाही हे खरं, पण सुगी होती हेही खरं.

लोमनचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायचं आहे. तो व्यावसायिक होता. दक्षिण आफ्रिकेत तो प्रथम गेला क्षयावर हवापालट म्हणून. ऑगस्ट १८९६ मध्ये ओव्हलच्या कसोटीआधी ज्या पाच व्यावसायिकांनी दहाऐवजी वीस पौंड मानधन मागितलं, त्यांत तो होता. हौशी म्हणवणाऱ्यांना 'खर्च' म्हणून काय काय मिळतं याची चर्चा त्या वेळी उघड झाली, आणि बोटं थेट डब्ल्यू. जी. ग्रेसपर्यंत गेली. लोमन १९०१ मध्ये माट्येसफाँटेनला वारला. वय छत्तीस.

टॉन्टनचे तीन दिवस

पूअर हॅम्पशायरकडून पहिल्यांदा खेळला १८९८ मध्ये. १८९९ च्या जूनमध्ये तो उतरला तो थेट पोर्टस्मथला सॉमरसेटविरुद्ध: १०४ आणि नाबाद ११९. पुढच्या सामन्यात साउदॅम्प्टनला लँकेशायरविरुद्ध १११. लागोपाठ तीन डावांत तीन शतकं.

मग २० जुलैपासून टॉन्टनला पुन्हा सॉमरसेट. सॅमी वुड्सचा संघ, छोटं मैदान. सॉमरसेटने पहिल्या डावात ३१५ केल्या. हॅम्पशायरचे पाच गडी गेल्यावर पूअरला साथ द्यायला आला कॅप्टन ई. जी. विन्यार्ड, आणि या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी सहाव्या गड्यासाठी ४११ धावांची भर घातली. विन्यार्ड २२५, पूअर ३०४, आणि डाव ७ बाद ६७२ वर घोषित. सहाव्या गड्याची ही भागीदारी हॅम्पशायरचा विक्रम म्हणून शंभर वर्षांहून अधिक टिकली.

विन्यार्डवर स्वतंत्र लेख होईल. जन्म सहारनपूरचा, ब्रह्मदेशच्या मोहिमेत डीएसओ हे लष्करी पदक, १८८१ मध्ये फुटबॉलचा एफए कप जिंकणाऱ्या ओल्ड कार्थुजियन्स संघात, १८९४ मध्ये दाव्होसला बर्फावरच्या टोबॉगनिंगचा युरोपियन विजेता. म्हणजे पूअर हा एकटा चमत्कार नव्हता. एका विशिष्ट कारखान्यातून असा माल निघत होता, आणि हॅम्पशायर त्या कारखान्याच्या दारातच होतं: ऑल्डरशॉटची छावणी, पोर्टस्मथचा आरमारी तळ, साउदॅम्प्टनचं बंदर.

त्या सामन्यातला हॅम्पशायरचा संघ कागदावर वाचला की व्यवस्था स्पष्ट दिसते. त्या काळच्या धावफलकाच्या छापील कार्डावर हौशी खेळाडूच्या नावाला हुद्दा किंवा 'मिस्टर' आणि आद्याक्षरं असत. व्यावसायिकाचं नुसतं आडनाव. तेव्हा एकीकडे मेजर आर. एम. पूअर, कॅप्टन ई. जी. विन्यार्ड, दुसरीकडे बार्टन, वेब, सोअर, बाल्डविन. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत येण्याचं फाटकही वेगळं. यातला व्हिक्टर बार्टन मला जास्त बोलका वाटतो. तोही सैन्यातलाच, तोफखान्यातला बॉम्बार्डियर. एकाच राणीचं मीठ खाल्लेले हे दोघे; हुद्दा अधिकाऱ्याचा असेल तर खेळाडू हौशी, आणि शिपायाचा असेल तर व्यावसायिक. कौशल्याशी या विभागणीचा काडीचा संबंध नव्हता.

हिशेब

हौशीपणाला लागतं काय, याचा जमाखर्च मांडू.

पहिलं, पैसा. घोडदळातल्या अधिकाऱ्याला नुसत्या पगारावर राहणं अशक्य होतं. मेसचा खर्च, गणवेश, घोडे, शिकार, पोलो हे सगळं घरच्या पैशातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खर्चाची सरकारी चौकशी झाली तेव्हा घोडदळातल्या अधिकाऱ्याला पगाराव्यतिरिक्त वर्षाला सहाशे-सातशे पौंड लागतात असं निघालं. व्यावसायिक क्रिकेटपटूला एका सामन्याचे साधारण पाच पौंड मिळत, बाहेरगावी सहा. मोसमभर खेळून, गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च वजा जाता, त्याच्या हातात जे उरे ते पूअरच्या पोलोच्या घोड्यांना पुरलं नसतं. पोलोत एका घोड्यावर सामना निभत नाही. खेळाडूमागे चार-पाच तट्टं, प्रत्येकाला दाणावैरण, मोतद्दार. पूअरचं १८९८ मध्ये लग्न झालं ते लेडी फ्लोरा डग्लस-हॅमिल्टनशी, हॅमिल्टनच्या ड्यूकच्या बहिणीशी. त्याची स्वतःची बहीण नीना पुढे त्याच ड्यूकची पत्नी झाली आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्धच्या चळवळीत नाव कमावून गेली. नीनाचा मुलगा १९३३ मध्ये विमानाने एव्हरेस्टवरून गेला, आणि १९४१ मध्ये हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस ज्याला भेटायला म्हणून स्कॉटलंडात पॅराशूटने उतरला तो ड्यूकही तोच. घराण्याचा आवाका लक्षात यावा म्हणून हे सांगितलं.

दुसरं, वेळ. शांततेच्या काळात रेजिमेंटचं काम सकाळच्या कवायतीत आणि तबेल्यात उरकत असे. मोठी रजा मिळे. कमांडिंग ऑफिसर खेळाला अनुकूल असेल, आणि बहुतेक असतच, तर काउंटी सामन्यासाठी तीन दिवस मोकळे होत. खेळणारा अधिकारी रेजिमेंटचं नाव काढतो असा हिशेब होता. पोलो तर जवळपास लष्करी शिक्षणात मोडे: घोड्यावरची मांड, नजर, झटपट निर्णय. इंग्लंडात हा खेळ १८६९ मध्ये घोडदळातल्याच अधिकाऱ्यांनी रुजवला. आंतर-रेजिमेंट स्पर्धा १८७८ पासून.

तिसरं, एका कौशल्याचा दुसऱ्याला उपयोग. हा मुद्दा लोक ओढून-ताणून मांडतात, पण इथे तो बसतो. तलवार, पोलोची काठी, रॅकेट आणि बॅट या चारही गोष्टींत मनगट, पल्ला आणि समोरून येणाऱ्या गोष्टीच्या वेगाचा अंदाज लागतो. पूअरने प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे पहिल्यापासून शिकला असं नाही. त्याच्याकडे तयार झालेलं एक शरीर होतं आणि ते तो वेगवेगळ्या मैदानांवर घेऊन जाई. तरीसुद्धा शिस्तीने घोटण्याची तयारी ही त्याची स्वतःची. पैसा आणि वेळ त्याच्या मेसमधल्या पन्नासजणांकडे होता. तेहेतीसाव्या वर्षी ९१.२३ एकट्याचीच आली. १९०० साली विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने निवडलेल्या वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत तो होता, डार्लिंग, हिल, नोबल आणि जोन्स यांच्या रांगेत.

म्हणून माझा निष्कर्ष असा: व्यवस्थेने त्याला घडवलं नाही, पण व्यवस्थेविना तो घडलाच नसता. आणि त्या व्यवस्थेत जे लोक चार रुपयांवर राबत होते त्यांच्यातही तसाच एक माणूस होता. बाळूला पुण्याच्या हिंदू संघाने खेळायला घेतलं, पण चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात दिला. १९११ मध्ये पटियाळाच्या महाराजांच्या संघातून तो इंग्लंडला गेला, तेव्हा पस्तिशीचा होता. त्या एका दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्याला ही संधी आणखी दहा वर्षं आधी मिळती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पूअरच्या आकड्यांपेक्षा जास्त छळतो.

युद्ध

११ ऑक्टोबर १८९९ ला बोअर युद्ध सुरू झालं आणि ज्या यंत्रणेने खेळाडू पुरवले होते तिने ते परत मागितले. पूअर आफ्रिकेला गेला. हॅम्पशायरचं काय झालं ते तक्त्यात दिसतं: १९०० च्या मोसमात एकही विजय नाही, शेवटचा क्रमांक. सैन्याच्या उसनवारीवर उभी केलेली फलंदाजी. मालकाने वस्तू नेली की घर रिकामं.

युद्धात पूअर प्रोव्होस्ट मार्शल झाला, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख. कैदी, शिस्तभंग, शिक्षेची अंमलबजावणी हे त्याचं खातं. त्याला डीएसओ मिळाला तो याच युद्धात. पण या पदामुळे त्याचं नाव आज क्रिकेटबाहेर ज्या एका जागी हमखास येतं, ती जागा वेगळी आहे. बुशफेल्ट कार्बिनियर्स या तुकडीतला 'ब्रेकर' मोरंट आणि त्याचा साथीदार हँडकॉक यांना शरण आलेल्या बोअर कैद्यांना गोळ्या घातल्याच्या आरोपावरून २७ फेब्रुवारी १९०२ ला प्रिटोरियात मृत्युदंड दिला गेला. कैदी घेऊ नका असा वरून हुकूम होता का, ब्रिटिश सरसेनापती किचनेर यांना काय माहीत होतं, हा वाद ऑस्ट्रेलियात अजून शमलेला नाही. त्या वादात दोन्ही बाजू ज्या कागदाकडे पुन्हा पुन्हा वळतात त्यांत प्रोव्होस्ट मार्शल पूअरची रोजनिशी आहे. आंघोळ, घोडा, हवामान अशा रोजच्या नोंदींच्या अंगाने गेलेली लष्करी रोजनिशी, आणि तिच्यातल्या दोन-चार ओळींवर शंभर वर्षांनी वकील भांडतात. क्रिकेटच्या लेखात लोक हा भाग गाळतात. मला तो गाळण्यासारखा वाटत नाही. 'खिलाडू वृत्ती' हा शब्द या वर्गाच्या तोंडी फार होता, आणि तोच वर्ग दुसऱ्या दिवशी बरॅकमध्ये काय करत होता तेही त्याच चरित्राचं पान आहे.

पुढचं थोडक्यात. १९०६ पर्यंत तो रजा मिळेल तसा हॅम्पशायरकडून खेळला; १८९९ पुन्हा आलं नाही. हिंदुस्थानात परतला, ब्रिगेडिअर-जनरल झाला, पहिल्या महायुद्धाचा काळ इथेच गेला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एकूण ५५ सामने, ३,४४१ धावा, ११ शतकं. अकरांपैकी सात त्या दोन महिन्यांतली.

निवृत्तीनंतर तो बोर्नमथला राहिला आणि १४ जुलै १९३८ ला तिथेच वारला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९३७ मध्ये, त्याच बोर्नमथच्या मैदानावर डिक मूरने वॉरिकशायरविरुद्ध ३१६ धावा करून हॅम्पशायरचा त्याचा ३०४ चा विक्रम मोडला होता. मूरही हौशीच, काउंटीचा कर्णधार. पण तो घोडदळात नव्हता. गावात त्याच्या घरचा मिठाईचा धंदा होता, तो सांभाळून क्रिकेटला पुरेसा वेळ देणं जमेना, आणि त्या मोसमानंतर त्याने कर्णधारपद सोडलं.